आसुस प्राइम एच६१०एम-के डी४ की एच६१०एम-ई डी४? दुकान-ऑफिसच्या पीसीसाठी दोन मदरबोर्डांची तुलना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला किमान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे काउंटरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे पीसी बदलीला आले. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्या-भुसावळच्या दुकानांत टॅली आणि बिलिंगसाठी नवा पीसी जोडायला सांगितला की कोटेशनमध्ये हमखास दोन नावं दिसतात: आसुस प्राइम एच६१०एम-के डी४ आणि एच६१०एम-ई डी४. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, दोन्ही सारखेच ना? मग पैसे जास्त कशाचे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बोर्डाला पुढे काय काय जोडणार, यावर ठरतं.

आधी जे सारखं आहे ते. दोन्ही बोर्ड इंटेलच्या एच६१० चिपसेटवर, म्हणजे बोर्डावरचे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपवर, आहेत. हा चिपसेट जानेवारी २०२२ मध्ये आला. प्रोसेसरचं सॉकेट एलजीए१७००, म्हणजे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर. रॅमचे स्लॉट दोनच, डीडीआर४, कमाल ६४ जीबी आणि कमाल वेग ३२००. कोणी ३६०० ची रॅम 'थोडी महाग पण फास्ट' म्हणून देत असेल तर घेऊ नका, एच६१० तिला ३२०० च्या वर पळू देत नाही. हार्डडिस्क-एसएसडी केबलने जोडायचे चार साटा पोर्ट, ग्राफिक्स कार्डासाठी एक पीसीआयई ४.० एक्स१६ स्लॉट, रियलटेकचं १ गिगाबिट लॅन, मागे एचडीएमआय, जुन्या मॉनिटरसाठी व्हीजीए आणि कीबोर्ड-माउसचे गोल पीएस/२ पोर्टही. वायफाय दोन्हीत नाही. आवाजाच्या बाबतीत लिहिण्यासारखं काही नाही, काउंटरच्या पीसीला पुरतो.

नावाच्या शेवटचं 'डी४' मात्र नीट वाचून घ्या. तेच रॅमची जात सांगतं. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही, आणि जोर केला तर स्लॉट जातो.

आता फरक. पहिला आणि खरा फरक एम.२ चा, म्हणजे एसएसडी थेट बोर्डावर बसवायच्या स्लॉटचा: 'के'मध्ये एक एम.२ स्लॉट आहे, 'ई'मध्ये दोन. दुसरा, 'ई'ला एचडीएमआय आणि व्हीजीएच्या जोडीला डिस्प्लेपोर्ट आहे. तिसरा, मागच्या वेगवान यूएसबीचा: 'के'मध्ये त्या ३.२ जेन १, म्हणजे ५ गिगाबिटच्या, आणि 'ई'मध्ये जेन २, म्हणजे १० गिगाबिटच्या. बाकी छापील पानावर जे ठळक अक्षरांत आहे ते जवळपास दोन्हीकडे तेच आहे.

वेगात फरक पडेल का? नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तीच एसएसडी असेल तर टॅली उघडायला, एक्सेलची मोठी शीट हलवायला किंवा जीएसटीचं पोर्टल चालवायला दोन्ही बोर्डांवर सारखाच वेळ लागतो. 'ई घ्या, फास्ट चालतं' असं काउंटरवर कोणी म्हणालं तर नेमकं काय फास्ट चालतं ते विचारा. १० गिगाबिटची यूएसबी जाणवते ती फक्त बाहेरून जोडलेल्या चांगल्या एसएसडीला. रोजच्या पेनड्राइव्हला ५ गिगाबिटही भरत नाही.

दुसऱ्या एम.२ ची गरज कोणाला आहे, ते कामावरून ठरवावं. एका एसएसडीवर विंडोज आणि डेटा ठेवून रोजचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घेणाऱ्याला ती नाही. विंडोज एकीकडे, डेटा दुसरीकडे अशी विभागणी हवी असली तरी 'के'वर अडत नाही, कारण चार साटा पोर्ट मोकळेच असतात. त्यावर अडीच इंची एसएसडी लावली तर साधारण ५५० एमबी प्रति सेकंद मिळतात आणि टॅलीच्या डेटाला तेवढे खूप झाले. दुसरं एम.२ उपयोगी पडतं ते व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या फोटो स्टुडिओला. लग्नसराईत दोन-दोन टेराबाइट फुटेज पडतं, आणि केबलचा गुंता न करता दुसरी एनव्हीएमई, म्हणजे एम.२ ची वेगवान एसएसडी, तिथे बसते. एक लक्षात ठेवा, एच६१० वर एम.२ ला पीसीआयई ३.० चाच वेग मिळतो. ७००० एमबीचा दावा करणारी जेन ४, म्हणजे पीसीआयई ४.० ची एसएसडी इथे ३५०० च्या आसपास थांबते. त्या फरकाच्या पैशात जेन ३ ची दुप्पट क्षमतेची एसएसडी बघा.

डिस्प्लेपोर्टचंही तसंच. एच६१० एका वेळी तीन पडदे चालवू शकतो. 'के'वर एचडीएमआय आणि व्हीजीए मिळून दोनच होतात, 'ई'वर तिन्ही लागतात. शेअर ट्रेडिंगवाल्यांना, किंवा एका पडद्यावर सीसीटीव्ही आणि दोनवर काम असं ज्यांना हवंय, त्यांना कार्ड न घेता हे जमतं. पण प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' असेल, म्हणजे १२४००एफ वगैरे, तर त्यात ग्राफिक्सच नसतं आणि बोर्डाचे तिन्ही व्हिडिओ पोर्ट मुके राहतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणारच नसाल तर 'एफ'चे वाचलेले पैसे परवडत नाहीत.

आता असा मुद्दा जो दोन्ही बोर्डांना सारखाच लागू आहे, आणि खान्देशात 'के की ई' यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे: उष्णता.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमधल्या जिनिंगच्या ऑफिसात किंवा केळीच्या गोडाऊनच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कॅबिनेटच्या आत त्याहून पाच-दहा अंश जास्त असतात. या दोन्ही बोर्डांवर व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मॉसफेटना, हीटसिंक नाही. हीटसिंक आहे ती फक्त चिपसेटवर. आय३-१२१०० चा पायाभूत भार ६० वॅट आणि टर्बोत, म्हणजे जोरात चालताना, ८९ वॅट आहे, तो निभतो. आय५-१२४०० चा पायाभूत भार ६५ आणि टर्बो ११७ आहे, तोही निभतो, पण जरा काळजी घेऊन. आय७-१२७०० टर्बोत १८० वॅट मागतो. सॉकेटमध्ये तो बसतो, बोर्डाच्या प्रोसेसर-यादीतही त्याचं नाव असतं, तरी या बोर्डांवर तो बसवू नये. मॉसफेट तापले की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि महाग प्रोसेसर स्वस्ताच्या वेगाने चालतो. आय७ हवाच असेल तर व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बी६६० किंवा बी७६० चा बोर्ड घ्या. त्यात रॅमचे चार स्लॉटही मिळू शकतात.

कूलर निवडताना इथे एक गंमत होते. प्रोसेसरसोबत येणारा इंटेलचा गोल कूलर वरून खाली हवा मारतो, आणि ती हवा आजूबाजूच्या उघड्या मॉसफेटवरही पसरते. त्याऐवजी भारी दिसतो म्हणून उभा टॉवर कूलर लावला की हवा बोर्डाला समांतर जाते. प्रोसेसर गार राहतो आणि मॉसफेट आधीपेक्षा जास्त तापतात. टॉवर लावायचाच असेल तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, बोर्डाच्या वरच्या कडेजवळ १२० मिमीचा एक्झॉस्ट फॅन हवाच. १२१०० आणि १२४०० ला डब्यातला कूलर पुरतो. जुन्या पीसीचा कूलर काढून लावण्याचा विचार असेल तर तो सोडा: एलजीए१७०० ची छिद्रं ७८ मिमीवर आहेत, आधीच्या ११५१ आणि १२०० सॉकेटची ७५ मिमीवर. तीन मिमीचा फरक ओढूनताणून भागत नाही. पिना तिरक्या बसतात आणि एक कोपरा उचललेला राहतो.

१२४०० साठी बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधली, एक सेटिंग फार उपयोगाची आहे. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, एफ७ ने ॲडव्हान्स्ड मोड घ्या, 'एआय ट्वीकर'मध्ये 'इंटर्नल सीपीयू पॉवर मॅनेजमेंट' उघडा आणि लाँग ड्युरेशन व शॉर्ट ड्युरेशन या दोन्ही पॅकेज पॉवर लिमिटमध्ये ६५ लिहा. रोजच्या ऑफिसच्या कामात फरक कळतही नाही, कारण तिथे प्रोसेसर क्वचितच पूर्ण भारावर जातो. व्हिडिओ रेंडरला थोडा वेळ वाढेल, एवढंच. एसी नसलेल्या खोलीत मार्च ते जून ही मर्यादा ठेवलेली बरी.

धुळीचंही बघा. जिनिंगमध्ये रुईचे तंतू हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखे बसतात, आणि नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात तर कॅबिनेट उघडणाऱ्यालाच आधी शिंका येतात. समोरच्या फॅनला जाळी हवी आणि ती महिन्याला झटकायला हवी. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

खान्देशातल्या कामांसाठी या बोर्डांची जी गोष्ट सर्वात मोलाची, तिची जाहिरातीत एका शब्दात बोळवण होते: कॉम हेडर, म्हणजे सीरियल पोर्टासाठी बोर्डावर असलेल्या उघड्या पिना. कापसाच्या जिनिंगवर, डाळ मिलमध्ये, केळीच्या तोलाईला जो इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असतो, त्याचा इंडिकेटर बहुधा आरएस-२३२ च्या नऊ पिनांच्या केबलने वजन पाठवतो. मागे तयार नऊ पिनी पोर्ट या बोर्डांना नाही, पण आत बोर्डावर हेडर आहे. त्याला पट्टीवरचा ब्रॅकेट लावून पोर्ट बाहेर काढता येतो.

यात फसगत होते ती ब्रॅकेटच्या जोडणीत. दिसायला सारख्या असलेल्या या ब्रॅकेटमध्ये दोन वेगवेगळ्या जोडण्या येतात. एकीत रिबनच्या तारा क्रमाने नऊ पिनांना जातात, दुसरीत आलटून पालटून. चुकीचा ब्रॅकेट लावला की विंडोजमध्ये कॉम१ दिसतो, सॉफ्टवेअर पोर्ट उघडतं, आणि वजन काही येत नाही. मग काट्यावर, केबलवर, सॉफ्टवेअरवर संशय घेत अर्धा दिवस जातो. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हेडरच्या पिनांचा नकाशा असतो. तो समोर ठेवून मल्टीमीटरच्या बीपवर तपासा: नऊ पिनी टोकाची पिन २ मॅन्युअलमधल्या आरएक्सडीला, ३ टीएक्सडीला आणि ५ ग्राउंडला लागली पाहिजे. त्यानंतर बॉड रेट, पॅरिटी आणि डेटा बिट इंडिकेटरच्या सेटिंगशी जुळवा.

यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टरनेही काम होतं, पण स्वस्त कन्व्हर्टरमध्ये पीएल२३०३ ची जुनी किंवा नकली चिप असते. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस मॅनेजर तिच्यापुढे 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२' असा शेरा मारून मोकळा होतो. शिवाय यूएसबीचा पोर्ट बदलला की कॉमचा नंबर बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर जुनाच नंबर शोधत बसतं. काट्यासाठी बोर्डावरचा कॉमच बरा. या बाबतीत 'के' आणि 'ई' दोन्ही सारखेच उपयोगी आहेत, त्यामुळे काट्याच्या पीसीला 'के' पुरेसा आहे.

बसवताना जे बिघडतं ते थोडक्यात. दोन्ही बोर्ड पूर्ण मायक्रो एटीएक्सपेक्षा, म्हणजे २४.४ सेंमीपेक्षा, अरुंद आहेत. त्यामुळे कॅबिनेटमधल्या पितळी स्टँडऑफची उजवी ओळ बोर्डाच्या छिद्रांना येत नाही. जो स्टँडऑफ छिद्राखाली येत नाही तो काढलाच पाहिजे, नाहीतर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. आणि उजवी कड अधांतरी असल्याने २४ पिनी केबल किंवा रॅम दाबताना बोर्ड वाकतो. रॅम आणि कूलर बाहेर टेबलावरच लावून घ्या, आणि २४ पिनी दाबताना कडेखाली बोट धरा.

प्रोसेसर ठेवताना पिना सॉकेटमध्ये आहेत हे विसरू नका. सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा, सरकवायचा नाही. सॉकेटचा पट्टा बंद करताना चांगलाच जोर लागतो आणि त्याचं काळं झाकण आपोआप उडून पडतं. ते फेकू नका. मागचं पत्र्याचं आयओ शील्ड बोर्डाआधी लावायचं, आणि त्याची एखादी जीभ लॅनच्या किंवा यूएसबीच्या पोर्टात तर शिरली नाही ना, ते बॅटरी मारून बघायचं. सीपीयूची वीज ४+४ पिनी केबलने द्यायची. ग्राफिक्सची ६+२ वेगळी, तिच्या तारांचा क्रम उलटा असतो. कॅबिनेटच्या फॅनला रंगीत दिवे असतील तर त्यांची वायर बघा: चार पिनी १२ व्होल्टच्या हेडरवर तीन पिनी ५ व्होल्टचे दिवे जोडले की ते जळतात.

पडदा काळा राहिला तर स्पीकरच्या हेडरवर छोटा बझर लावा. तो स्वस्तात मिळतो. एक लांब आणि दोन आखूड आवाज म्हणजे रॅम सापडली नाही: काढून परत बसवा, मग एकच कांडी लावून पाहा. एक लांब आणि तीन आखूड म्हणजे व्हिडिओ नाही, आणि 'एफ'चा प्रोसेसर असेल तर कारण लगेच कळतं. रॅम १६ जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन चॅनलचा त्याला चांगला फायदा होतो. पुढे ३२ जीबी लागणारच असतील तर मात्र १६ ची एक घेऊन जागा मोकळी ठेवण्यात चूक नाही.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेत असाल तर बोर्डाचं बायोस कोणत्या तारखेचं आहे ते विचारा. चौदाव्या पिढीतले साधे, म्हणजे 'के' अक्षर नसलेले प्रोसेसर जानेवारी २०२४ मध्ये आले, आणि त्याआधी गोडाऊनमध्ये पडलेला बोर्ड जुन्या बायोसवर असू शकतो. प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं बटण दोन्ही बोर्डांवर नाही. म्हणजे आधी बाराव्या पिढीचा प्रोसेसर लावून, एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून 'ईझी फ्लॅश'ने अपडेट करावं लागतं. हे काम दुकानदाराकडूनच करून घ्या, आणि घरी करायचं असेल तर यूपीएसवर. लोडशेडिंगच्या वेळात बायोसला हात लावू नये.

विजेचं आणखी एक. 'ॲडव्हान्स्ड'मधल्या 'एपीएम कॉन्फिगरेशन'मध्ये 'रिस्टोअर एसी पॉवर लॉस' 'पॉवर ऑफ'वरच असू द्या. लाइट परत येते तेव्हा पहिली काही सेकंदं व्होल्टेज नाचतं, आणि त्याच वेळी पीसी आपोआप सुरू व्हायला नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बोर्ड बदलू नका, अर्थिंग बघा. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, फिल्टरमुळे पत्र्यावर ११० व्होल्टच्या आसपास तरंगतात. अशा पीसीला सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा टीव्ही एचडीएमआयने जोडला की पोर्ट जायला वेळ लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली की ब्रॉडबँडच्या केबलमधून लॅन जातं, म्हणून वादळ दिसलं की प्लगसोबत लॅनची केबलही उपसा.

आमचं मत असं: बिलिंग, टॅली, वजनकाटा, शाळेची किंवा पतपेढीची लॅब, यांना १२१०० आणि 'के'. वाचलेले पैसे चांगल्या ब्रँडच्या एसएमपीएसमध्ये आणि एका जास्तीच्या फॅनमध्ये घाला. तीन पडदे किंवा दोन एनव्हीएमई लागणार असतील तरच 'ई'. 'के' आणि 'ई'च्या किमतीतला फरक इतका वाढला की बी६६० चा बोर्ड थोड्याच अंतरावर दिसू लागला, तर 'ई' सोडून सरळ बी६६० घ्या.

बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि डब्यावरच्या स्टिकरशी जुळवा. वॉरंटीत बोर्ड दुकानदार पाठवणार की तुम्हाला पाठवावा लागणार, कुरिअर कोणाच्या खर्चाने, आणि तोवर काउंटरसाठी दुसरा बोर्ड मिळेल का, हे पैसे देण्याआधी ठरवा. सॉकेटची पिन वाकलेली असेल तर वॉरंटी मिळत नाही, आणि झाकणाशिवाय कुरिअरने गेलेल्या बोर्डाची पिन वाटेतच वाकते. मघाशी जपून ठेवलेलं काळं झाकण लावूनच बोर्ड पाठवा.